सरावाचा स्विच काढून टाका

मॅडम, तुमचा प्रश्न मला कसा समजला ते आधी सांगतो. करवीर तालुक्यातल्या तुमच्या हायस्कूलमध्ये नववीच्या मुलांनी आर्डुइनो हे प्रोग्रॅम करता येणारं छोटं सर्किट बोर्ड वापरून मतदान यंत्र तयार केलंय. त्यावर शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक घ्यायची आहे. शिवाय गावात निवडणूक लागली की म्हाताऱ्याकोताऱ्यांना सराव म्हणून तेच यंत्र पारावर मांडायचं आहे. मुलांनी त्याला एक स्विच बसवलाय, एका बाजूला 'सराव', दुसऱ्या बाजूला 'खरे'. स्विच सरावावर असला की बटणं चालतात, दिवे लागतात, बझर वाजतो, फक्त मत मोजलं जात नाही. हे बरोबर आहे का आणि सराव मोडमध्ये आणखी काय असावं, असं तुम्ही विचारलंय.

मुलांचं कौतुक आहेच. पण तो स्विच काढून टाका.

मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो आणि दर निवडणुकीला ड्युटी लागायचीच. आधी मतदान अधिकारी, मग केंद्राध्यक्ष, पुढे अनेक केंद्रांवर फिरून देखरेख करणारा क्षेत्रीय अधिकारी आणि शेवटी मास्टर ट्रेनर. २००४ साली लोकसभेची निवडणूक पहिल्यांदा देशभर मशीनवर झाली, तेव्हापासून २०२४ पर्यंत कुठल्या ना कुठल्या खुर्चीवर होतो. यंत्र बंद पडल्यानं माझी जेवढी धावपळ झाली, त्याहून जास्त 'हे मत सरावाचं की खरं' या घोळानं झाली.

स्विचनं काय होऊ शकतं ते बघा. सकाळी मुलांनी सराव घेतला आणि स्विच सरावावरच राहिला. मग दोनशे पोरं रांगेत उभी राहून मत देऊन गेली, बोटाला शाई लागली, प्रत्येक वेळी बझर वाजला. दुपारी निकालाचं बटण दाबलं तर शून्य! ही चूक निस्तरता येत नाही, कारण मतं कुठेच नाहीत. उलटी चूकही होते, सरावाची मतं खऱ्यात मिसळतात, पण तिथे निदान हिशोब करून काहीतरी वाट काढता येते. आणि पोरांच्या गर्दीत तीस-चाळीस रुपयांचा टॉगल स्विच कुणाच्या कोपरानं कधी पडेल याचा नेम नाही.

यापेक्षा मोठं कारण वेगळं आहे. आपला सराव चाललाय हे यंत्राला मुळात कळताच कामा नये. २०१५ साली फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं प्रकरण बाहेर आलं ते मुलांना सांगा. गाडी प्रयोगशाळेतल्या रोलरवर आहे की रस्त्यावर, हे त्यातलं सॉफ्टवेअर ओळखायचं. चाकं फिरताहेत पण स्टिअरिंग हलत नाही, म्हणजे चाचणी चालू आहे. मग गाडी धूर कमी सोडायची आणि रस्त्यावर आली की पुन्हा पहिल्यासारखी. पाहुणे आले की शहाणं होणारं पोर आपण सगळ्यांनी पाहिलंय, त्यातलाच प्रकार. तुमच्या मुलांच्या मनात असलं काही नाही हे मला माहीत आहे. पण प्रोग्रॅममध्ये 'सराव असेल तर ही वाट, नाहीतर ती वाट' अशी फांदी आली की तुम्ही शंभर वेळा सराव केलात तरी तपासली जाते ती पहिलीच वाट. दुसरी, जिच्यात मत मेमरीत लिहिलं जातं, ती थेट निवडणुकीच्या दिवशी पहिल्यांदा चालते. म्हणजे नवा कोरा पंप विहिरीत सोडायचा आणि पाणी येतं का ते लग्नाच्या दिवशी बघायचं.

म्हणूनच आपल्या निवडणुकीच्या मशीनमध्ये सराव मोड नावाचं काही नसतं. बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन या दोन सरकारी कंपन्या ही मशीन बनवतात. सकाळी मतदानाआधी अभिरूप मतदान होतं, ज्याला सगळे मॉक पोल म्हणतात, ते खऱ्या मतदानाच्याच वाटेनं होतं. बटण तेच, मेमरी तीच, व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला गेलं ते काचेमागे छापून दाखवणाऱ्या यंत्राची, चिठ्ठीही तशीच कापून पेटीत पडते. मशीनच्या लेखी ती मतं खरीच असतात. ती खोटी आहेत हे फक्त माणसांना माहीत असतं आणि ती पुसायची जबाबदारीही माणसांचीच.

त्याची रीत लक्षात ठेवा, कारण तुमच्या शाळेसाठी मी तीच सुचवणार आहे. सातला मतदान असेल तर साडेपाचला मॉक पोल सुरू होतो. किमान दोन उमेदवारांचे पोलिंग एजंट समोर लागतात. नसतील तर पंधरा मिनिटं वाट बघून सुरू करायचं. कमीत कमी ५० मतं टाकायची, आणि प्रत्येक उमेदवाराला व नोटाला मत पडलंच पाहिजे. कुणाला किती टाकली ते कागदावर लिहून ठेवायचं. मग अधिकाऱ्याजवळच्या कंट्रोल युनिटवर क्लोज, रिझल्ट, क्लिअर, ह्याच क्रमानं. ट्रेनिंगमध्ये आम्ही हे 'सीआरसी, सीआरसी' म्हणून मंत्रासारखं घोकून घ्यायचो. मशीनचा निकाल, पेटीतल्या चिठ्ठ्या आणि कागदावरची नोंद अशा तिन्हींचा मेळ बसला की क्लिअर. मग टोटल दाबून एजंटांना शून्य दाखवायचं. व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढून त्यांच्या पाठीवर मॉक पोलचा शिक्का मारायचा, काळ्या जाड लिफाफ्यात घालायच्या, लिफाफा प्लास्टिकच्या डब्यात आणि डब्याला गुलाबी कागदी सील. रिकामी पेटी एजंटांना दाखवून बंद करायची. हे सगळं पहाटे साडेपाचला, अर्धवट झोपेत, लायटीचा भरवसा नसलेल्या वर्गखोलीत.

यातली एक बाजू मशीन सांभाळतं. क्लोज न करता क्लिअर दाबलं तर 'इनव्हॅलिड' दाखवून नकार देतं. म्हणजे भर मतदानात कुणाचं बोट चुकून लागलं तरी मतं पुसली जात नाहीत. दुसरी बाजू मात्र उघडीच आहे. मॉक पोलची मतं तशीच ठेवून कुणी खरं मतदान सुरू केलं तर मशीन अडवत नाही. कसं अडवणार? त्याला तो मॉक पोल आहे हेच माहीत नाही.

मी क्षेत्रीय अधिकारी असताना माझ्याच एका केंद्रावर हे झालं. नऊच्या फेरीला गेलो. रजिस्टरवर ६३ सह्या होत्या. टोटल दाबायला सांगितलं तर ११३. केंद्राध्यक्षांचा चेहरा मला आजही आठवतो, पन्नासचा फरक बघताच त्यांना सगळं उमगलं होतं. निकालापर्यंत सगळं केलं, चिठ्ठ्या जुळवल्या, तेवढ्यात एका एजंटाचं ओळखपत्रावरून काहीतरी निघालं, आणि तो वाद मिटवून परत बसले ते थेट मतदान सुरू करायलाच. क्लिअर राहिलं. माणूस हुशार आणि कामाचा, एरवी एक कागद चुकायचा नाही. उरलेला दिवस फोन, लेखी खुलासे आणि दर अर्ध्या तासाला मला 'साहेब, नोकरी जाईल का' असं विचारण्यात गेला. असं मशीन मतमोजणीच्या दिवशी बाजूला ठेवतात, आणि विजयाचं अंतर त्यातल्या मतांच्या आत आलं तरच त्याच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात. म्हणजे चूक झाली तरी वाट आहे. पण ती वाट चिठ्ठ्यांमुळे आहे, आणि तुमच्या यंत्राला चिठ्ठ्या नाहीत.

मग तुमच्या यंत्रात काय करायचं? स्विच काढा आणि त्या जागी दोन आकडे द्या.

पहिला आकडा चालू निवडणुकीच्या एकूण मतांचा. तो क्लिअर केला की शून्य होतो. दुसरा आकडा यंत्राच्या जन्मापासूनच्या एकूण मतांचा, आणि तो पुसायची सोयच ठेवायची नाही. मोटारसायकलचा ट्रिप मीटर आणि खालचा मोठा मीटर, तसंच. अमेरिकेत पूर्वी लोखंडी दांड्याची मतदान यंत्रं होती, त्यांनाही असे दोन गणक असायचे. निवडणुकीचा गणक शून्यावर यायचा, दुसरा कधीच मागे जायचा नाही. या दुसऱ्या आकड्यानं सरावाचा हिशोब आपोआप लागतो. सकाळी सराव संपून क्लिअर झालं की मोठा मीटर वाचा आणि वहीत लिहा, समजा ३१२. दुपारी मतदान संपल्यावर पुन्हा वाचा, ५१४. रजिस्टरमध्ये २०२ मुलांच्या सह्या हव्यात. मधल्या काळात कुणी गुपचूप सराव केला, पुसलं, पुन्हा टाकलं, तरी मोठा मीटर ते लपवू देत नाही. मोड नको, पाटी नको, नुसती वजाबाकी.

यंत्र चालू केल्यावर पडद्यावर पहिल्यांदा हे दोन आकडेच दिसू द्यात, 'स्वागत आहे' वगैरे नको. आणि मतदान अधिकारी झालेल्या मुलानं ते मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा नियम शाळेचा ठेवा, प्रोग्रॅमचा नको. मोठ्यानं वाचायला लावलं की चुका सापडतात, हा माझा सगळ्या ट्रेनिंगमधला अनुभव आहे. माझ्या त्या केंद्राध्यक्षांनी '५० मतं' असं मोठ्यानं वाचलं असतं तर बाकावरचा एजंटच ओरडला असता.

आता सर्किटचं थोडं. तुमच्या आर्डुइनो उनोच्या चिपमध्ये १०२४ बाइटची ईईप्रॉम मेमरी आहे, वीज गेली तरी ती टिकते. तिच्या प्रत्येक जागेवर सुमारे एक लाख वेळा लिहिता येतं. शाळेच्या कामाला ते भरपूर आहे, पण मुलं चाचणी म्हणून लूप लावून रात्रभर मतं टाकतील तर मोठ्या मीटरची जागा झिजेल, म्हणून तो आकडा आठ-दहा जागांवर फिरता लिहायला सांगा. मत आधी मेमरीत लिहायचं, परत वाचून खात्री करायची, आणि मगच बझर. बऱ्याच मुलांच्या यंत्रात बझर आधी वाजतो, मधे वायर निघाली तर पोरगं 'मत झालं' म्हणून घरी जातं. कुणी कितव्या क्रमांकावर कुणाला मत दिलं याची यादी मात्र ठेवू नका, तपासणीसाठीसुद्धा नको. रजिस्टरचा क्रम आणि यादीचा क्रम जोडला की सातव्या बाकावरच्या मुलीनं कुणाला मत दिलं ते उघडं पडतं. फक्त बेरजा.

इथपर्यंत यंत्राचा विषय झाला. पण पारावर जी आज्जी येणार आहे तिला तुमच्या मेमरीशी काही देणंघेणं नाही. तिच्यासाठी सराव म्हणजे काय, हा मला जास्त आवडीचा भाग आहे.

मतदार कुठे अडतो ते मी वर्षानुवर्षं दाराशी बसून पाहिलंय. सगळ्यात जास्त लोक बटणाऐवजी चिन्हाचं चित्र दाबतात, तेही अंगठ्यानं, कारण शिक्का मारायची सवय हातात आहे. आपल्याकडे ही सवय सुटत नाही, त्याला कारण आहे. दूध संस्था, विकास सोसायटी, कारखाना, सगळीकडे मतपत्रिका आणि शिक्का. माणूस कुठे ना कुठे शिक्का मारतच असतो आणि मशीनसमोर अधूनमधूनच येतो. मग काचेखालच्या चित्रावर बोट दाबून उभा राहतो आणि म्हणतो, 'लागंना की ओ हे.' दुसरी अडचण बटण नुसतं टेकवून सोडण्याची. तिसरी, दिवा लागला की वळून चालायला लागायचं, बीप यायच्या आधी. आणि बाहेर आल्यावर 'माझी चिठ्ठी द्या' म्हणणारे तर प्रत्येक केंद्रावर.

२०२४ च्या लोकसभेला कोल्हापुरात उमेदवार इतके होते की दोन बॅलेट युनिट, म्हणजे मतदारासमोरच्या बटणांच्या पेट्या, शेजारी शेजारी लागली, कारण एका युनिटवर १६ च बटणं असतात. कितीतरी जणांना वाटलं की दोन मशीन म्हणजे दोन मतं. एक बटण इकडे दाबलं, मग तिकडे. पहिलंच मत धरलं जातं, दुसऱ्या बटणानं काही होत नाही, पण माणूस गोंधळून बाहेर येतो आणि बाहेर सांगतो की मशीन बिघडलंय.

आणि मग १५ जानेवारी २०२६ ला महापालिका आली, तिथे नेमकं उलटं. २०१५ ला एक प्रभाग, एक नगरसेवक, एक मत असा साधा कारभार होता. आता २० प्रभागांत ८१ जागा, म्हणजे बहुतेकांना चार मतं. अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब ची फिकट गुलाबी, क ची फिकट पिवळी, ड ची फिकट निळी. चारही जागांचं एकेक बटण, नको असेल तिथे नोटा, आणि सगळं पूर्ण झालं की शेवटी लांब बझर. एकच बटण दाबून बीपची वाट बघत उभे राहिलेले लोक, आणि मागे रांग. व्हीव्हीपॅटही नव्हतं, त्यामुळे लोकसभेला सात सेकंद चिठ्ठी बघायची शिकलेली माणसं काच शोधत होती.

तेव्हा पारावर मांडण्याआधी ठरवा की सराव कोणत्या निवडणुकीचा. लोकसभा-विधानसभेचा असेल तर एक मत आणि चिठ्ठीची काच हवी. महापालिकेचा असेल तर रंगीत पट्ट्या, प्रत्येक जागेला एक मत आणि शेवटी एकच लांब बझर, काच झाकून टाका. सगळ्याचं मिळून एक 'सर्वसाधारण' सराव यंत्र केलंत तर लोक शिकतील ते नेमकं त्या दिवशी चुकीचं ठरेल. चिठ्ठीसाठी मुलं हमखास बिलाचा छोटा प्रिंटर लावतात, तो चिठ्ठी हातात देतो. तसं अजिबात नको. चिठ्ठी काचेमागे दिसून आत पडली पाहिजे, नाहीतर बाहेर येऊन चिठ्ठी मागणाऱ्यांची संख्या तुम्हीच वाढवाल. प्रिंटर जमत नसेल तर काचेमागे छोटा पडदा लावा, सात सेकंद चित्र दाखवा आणि मग बझर. चालतं.

आपल्या मशीनला 'चूक दुरुस्त करा' असं बटण नाही, हेही लक्षात घ्या. ब्राझीलमध्ये मतदार उमेदवाराचा क्रमांक टाकतो, पडद्यावर फोटो येतो, मग हिरवं बटण दाबून पक्कं करायचं किंवा नारिंगी दाबून पुन्हा टाकायचं. आपल्याकडे बोट पडलं की संपलं. तुमच्या मुलांनी चांगुलपणानं 'रद्द' बटण दिलंय असं तुम्ही लिहिलंय, ते काढा. सरावात जी सवलत मिळते ती खऱ्यात नसेल तर तो सराव माणसाला फसवतो.

आता मतपत्रिकेवर चित्रं कोणती? माझी पहिली फजिती इथेच झाली. खऱ्या पक्षांची चिन्हं वापरायची नाहीत हे मला ठाऊक होतं, म्हणून मी मोठ्या हौसेनं मिसळ, भडंग, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा अशी पत्रिका केली. पहिल्या दहा मिनिटांत तांबडा विरुद्ध पांढरा असा सामना लागला, एकानं तर शेजारणीचा हात धरून 'तांबडंच दाब' म्हणून प्रचार सुरू केला. दिव्याकडे, बीपकडे कुणाचंच लक्ष नाही. पुढच्या वेळी घरगुती वस्तू घ्याव्या म्हटलं तर कपबशी, शिट्टी, गॅस सिलिंडर, अगदी चप्पलसुद्धा आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीत आहे. उद्या कुणा अपक्षाला तेच मिळालं तर तुम्ही महिनाभर त्याचा प्रचार केल्यासारखं होईल. देवळं, दर्गे नकोत. शेवटी मी ठिकाणांवर आलो. रंकाळा, पन्हाळा, खासबाग मैदान, राधानगरी धरण, गगनबावड्याचा घाट. पंधरा ठिकाणं आणि सोळावा नोटा. नोटा वगळू नका, तोही शोधता यायला हवा.

पण खरी युक्ती पुढची. मतदाराला 'आवडेल ते दाबा' म्हणू नका. आत जाताना त्याच्या हातात एक चिठ्ठी द्या, 'राधानगरी धरण'. अक्षर येत नसेल तर नुसतं चित्र. आत जाऊन तेच शोधायचं, तेच बटण दाबायचं, काचेत तेच आलं का बघायचं, बझर ऐकायचा, बाहेर. मतदान केंद्रात माणसाला निवड करायला शिकवायचं नसतं, ती तो घरून करून येतो. शिकवायचं असतं ते मनातलं नाव पंधरा-सोळा ओळींत शोधून बरोबर बटणावर बोट नेणं. चिठ्ठीनं नेमकं तेवढंच होतं.

आणि चिठ्ठीनं फुकटात आणखी एक काम होतं. समजा तुम्ही साठ चिठ्ठ्या वाटल्या, त्यात राधानगरीच्या वीस, पन्हाळ्याच्या पंधरा, असा हिशोब वहीत आहे. संध्याकाळी क्लोज, रिझल्ट केलं की राधानगरी अठरा आणि तिच्याच खालच्या ओळीला दोन जास्त निघाले. म्हणजे दोघांचं बोट एका ओळीनं घसरलं. पट्टी नीट जुळलेली नाही, की उंचीमुळे तिरकं दिसतं, हे लगेच तपासता येतं. टेबल उंच असेल तर बुटकी आज्जी खालून बघते आणि तिला ओळ सरकलेली दिसते, हे मला अशा हिशोबातूनच कळलं. यंत्राची मोजणी बरोबर आहे का, याचीही परीक्षा त्याच साठ चिठ्ठ्यांत होते. शिवाय ही मतं कुणाच्या मनातली नसल्यामुळे 'गावाचा कल' म्हणून कुणी तो निकाल मिरवू शकत नाही. सरावाच्या यंत्रातून जनमत चाचणी निघाली की तुमची शाळा नसत्या भानगडीत सापडेल.

डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी खऱ्या युनिटवर बटणांशेजारी ब्रेलमध्ये क्रमांक असतात. तुमच्या यंत्रावरही घाला, जाड कागदावर ब्रेलचे ठिपके उठवून चिकटवले तरी काम होतं. अशा मतदाराला सरावाच्या वेळी हात धरून बटणापर्यंत नेऊ नका, पहिला क्रमांक कुठे आहे तेवढं सांगा आणि थांबा.

मतदान अधिकारी झालेल्या मुलांचा सराव वेगळा. त्यांना सगळं सुरळीत चाललेलं दाखवून उपयोग नाही. आमच्या ट्रेनिंगला हॉलमध्ये पंखे, ट्यूबलाइट, मशीन झ्याकपैकी चालायचं आणि सगळे खूश होऊन घरी जायचे. २०१८ च्या मे महिन्यात भंडारा-गोंदियाच्या पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट मोठ्या संख्येनं अडली आणि ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. थेट उजेड पडल्यानं आतल्या सेन्सरचा गोंधळ होतो, हे कारण तेव्हा पुढे आलं. त्यानंतर मी ट्रेनिंगमध्ये मुद्दाम खिडकीसमोर मशीन मांडायचो आणि विचारायचो, यात काय चुकलंय? तसंच मधेच केबल ओढायचो, बॅटरी काढायचो. मॉक पोल चालू असताना बिघडलं तर बिघडलेलाच भाग बदलायचा. खरं मतदान चालू असताना कंट्रोल किंवा बॅलेट युनिट गेलं तर अख्खा संच बदलायचा आणि नव्या संचावर प्रत्येकाला एकेक मत टाकून पुन्हा मॉक पोल. व्हीव्हीपॅट एकटं गेलं तर तेवढंच बदलायचं. हे पुस्तकात वाचून कुणाच्या डोक्यात राहत नाही, एकदा हातानं केलं की राहतं. तुमच्या मुलांनाही मतदान चालू असताना एकदा प्लग काढून दाखवा आणि विचारा की आता मोठा मीटर काय दाखवेल.

राहिला यंत्राचा देह. शाळेच्या निवडणुकीचं यंत्र आणि पारावरचं यंत्र अशी दोन वेगळी करा. प्रोग्रॅम एकच, पण खोकं वेगळं, रंग वेगळा, आणि केबलचा प्लग एकमेकांत न बसणारा, एकाला चार पिनी असतील तर दुसऱ्याला सहा. आयोगही असंच करतो. प्रशिक्षणाची आणि जनजागृतीची मशीन वेगळी काढून त्यांवर पिवळं स्टिकर लावतात आणि ती मतदानाला वापरत नाहीत. उमेदवारांनी प्रचारात दाखवायच्या नकली बॅलेट युनिटलाही नियम आहे, लाकूड, प्लास्टिक किंवा प्लायवूडची, खऱ्याच्या निम्म्या आकाराची, रंग तपकिरी, पिवळा किंवा करडा. तुमचं पारावरचं यंत्र खऱ्यासारखं हुबेहूब दिसू देऊ नका, आणि गावात मांडायच्या आधी तहसील कार्यालयाला लेखी पत्र देऊन परवानगी घ्या. मतदानाच्या दिवशी ते शाळेच्या कपाटात कुलूपबंद.

खोकं मुलांनी पुठ्ठ्याचं केलंय ते सरावाला टिकणार नाही, शंभर माणसं बटण दाबतात तेव्हा पुठ्ठा आत जातो. शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही शेडमध्ये पत्र्याचा डबा वाकवून, भोकं पाडून देतील. पिवळा रंग द्या आणि 'सराव' हा शब्द झाकणावर ब्रशनं ठसठशीत लिहा, पडद्यावर नको. पडद्यावरचा शब्द प्रोग्रॅमनं बदलतो, झाकणावरचा बदलायला थिनर लागतं.

पुठ्ठ्याच्या खोक्यात जिथे स्विचसाठी भोक होतं, तिथेच पत्र्यालाही एक भोक पाडून घ्या. त्यातून बॅलेट युनिटची केबल बाहेर काढा, आणि रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणारी कडी, घालायला विसरू नका, पत्र्याची धार आठवड्याभरात वायर कापते.